दिगूभाऊंची गुप्त खरेदी

घाटंजीत लग्नांचे व्हिडिओ काढणारे दिगूभाऊ स्वतःला फार हुशार समजत. राऊतांची थोरली लेक माहेरपण संपवून सासरी जायच्या आत तिची फिल्म दिली, तर धाकटीच्या लग्नाचंही काम त्यांनाच मिळणार होतं. म्हणून फिल्म झटपट तयार व्हावी यासाठी कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, असं त्यांनी ठरवलं. वेग वाढवता येणारा महागडा प्रोसेसर ऑनलाइन मागवला आणि तो सोबत घेऊन, ज्यावर तो बसवायचा तो मदरबोर्ड घ्यायला यवतमाळ गाठलं.

"एवढा तगडा प्रोसेसर! वेग वाढवाचा हाय काय, भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

गरज सांगितली की भाव चढतो, हे कापूसबाजारातलं शहाणपण. दिगूभाऊ म्हणाले, "छे! घरचे पोट्टे गाणे आयकतात."

दुकानदाराने गाण्यांपुरता साधा बोर्ड दिला. त्यात वेग वाढवायची सोयच नव्हती. प्रोसेसर मुकाट नेमल्या वेगाने चालला, थोरली फिल्मविना सासरी गेली आणि धाकटीचं काम दुसऱ्याने नेलं.

"दुकानदाराले खरं सांगाले तोंड दुखत होतं काय तुमचं?" बायको, शोभा, कडाडली.

"तुले काय समजते? बोर्ड किती स्वस्तात पाडला, थे पाह्य!"

"पाहून राह्यली ना. कवाची पाहूनच राह्यली."