शैलाकाकूंना पटलेलं नव्हतं

शैलाकाकूंना भाषणं मनापासून आवडायची. वक्ता बोलेल ते त्या खरं धरायच्या, आणि तो स्टेजवरून उतरला की त्याच विषयातलं काम त्याला सांगायच्या. पर्यावरणावर बोलायला आलेल्या एका पाहुण्यांना त्यांनी आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याची बादली धरायला लावली होती. ते पाहुणे डोंबिवलीत पुन्हा दिसले नाहीत.

त्या वर्षी गणपतीत कमिटीला परिसंवादाची हुक्की आली. विषय, ‘गर्भपात : हक्क की पाप?’ स्टेजवर चार पुरुष. चौघांच्या पोटांकडे बघून शंका आली असती, पण ती पोटं जेवणाची होती.

निवृत्त बँक मॅनेजर पाटणकर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "प्रत्येक जीव या जगात आलाच पाहिजे. समाज आईच्या पाठीशी उभा आहे!" टाळ्या. मग आमचे तरुण वकील देवधर गरजले, "शरीर तिचं, निर्णय तिचा. आपण सगळे तिच्यासोबत!" पुन्हा टाळ्या, बहुतेक त्याच माणसांच्या.

काकू उठल्या. "पाटणकर, छान बोललात हो. चौथ्या मजल्यावरच्या स्वातीला आठवा लागलाय आणि लिफ्ट बंद आहे. उद्यापासून तिची भाजी तुम्ही वर पोचवा."

पाटणकरांना लगेच आपला गुडघा आठवला.

"देवधर, तुमचा गुडघा तरी ठीक आहे ना? कुणाला दवाखान्यात सोबत लागली तर तुम्हाला सांगते."

"काकू, तो तिचा प्रायव्हेट मॅटर झाला ना," देवधर पुटपुटले. कुणीतरी घाईघाईने आरती सुरू केली.

मी मागच्या रांगेत तीन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. आणि मला पुन्हा दिवस गेले होते. नवरा कामासाठी बंगळुरूला. तो म्हणाला, "तू ठरवशील ते." ऐकायला किती छान! कळव्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "होऊ दे गं, मुलं काय, आपोआप वाढतात." आपोआप! पहिली पाळणाघरात वाढली, मी ऑफिसला जाता-येता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रडत वाढले. पहिलीच्या वेळी वर्षभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि औषध घेऊन मी कशीबशी माणसांत आले होते. पुन्हा त्या खड्ड्यात जायची मला भीती वाटत होती. मी ठरवलं, नको.

लेकीला कुणाकडे तरी ठेवायला हवं होतं, म्हणून शेजारच्या काकूंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला हे पटत नाही. अजिबात नाही. किती वाजता जायचंय?"

लेकीला त्यांनी काकांच्या हवाली केलं आणि रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. दवाखान्यातून घरी आल्यावर मैत्रिणींच्या ग्रुपवर लाल हार्टांची रांग लागली होती. ‘प्राउड ऑफ यू’, ‘वी आर विथ यू’. जेवण कुणी पाठवलं नाही. काकू आल्या त्या अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू घेऊन.

"अहो काकू, हे बाळंतिणीचं ना?"

"तुझ्या शरीराला माहितीये का फरक? थकलंय ते. आ कर."

जिन्यात पाटणकरबाईंनी त्यांना गाठून विचारलं, "बाळ नाही, मग लाडू कसले?" काकू म्हणाल्या, "तुम्ही पोळीभाजी पाठवली असतीत तर मी लाडू केले नसते." त्यानंतर जिन्यात फारशी चौकशी झाली नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. सोसायटीला त्या फटकळ म्हणून आठवतात, आणि होत्याच त्या तशा. मला लाडवांच्या त्या आठवड्यातली एक दुपार आठवते. काकू कोमट तेलाने माझ्या पोटऱ्या चोळत होत्या. पोटाला हात लावायचा नाही, हे त्यांनी डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारून घेतलं होतं. माझ्या मनात रोज घोळत होतं ते मी अखेर विचारलं. खरं तर त्यांनी एकदा ‘नाही’ म्हणावं, एवढ्यासाठीच विचारलं.

"काकू, माझं चुकलं का हो?"

"माझ्या मते चुकलं," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "आता पालथी हो. कंबर राहिलीये."

मी पालथी झाले आणि उशीत तोंड खुपसून इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडले. काकू कंबर चोळत राहिल्या.