दोन टक्के आणि चार मजले

निम्मेकाकांचं कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरवालीशी काहीतरी शिजतंय, अशी कुजबूज त्यांच्या बिल्डिंगमध्ये एकदा सुरू झाली. सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केली. "मला काय करायचंय म्हणा," असं म्हणून त्या बोलायला लागल्या की समजावं, आता साग्रसंगीत ऐकायला मिळणार. पुरावेही दणदणीत होते. म्हातारा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पार्लरसमोर तासभर उभा असतो, आणि आता तर केसही काळे झालेत!

काकांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पोस्टमनही निम्मेकाका म्हणूनच हाक मारी. नोकरी सगळी बल्बच्या कारखान्यात, खरेदी खात्यात गेली. झाडूपासून जनरेटरपर्यंत काहीही विकायला येवो, काकांनी किंमत ऐकायची, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, "निम्मे." निवृत्त झाले तरी जित्याची खोड जाते कुठे? दाताच्या डॉक्टरने दोन दाढा काढाव्या लागतील म्हटलं, तर काका म्हणाले, "एक काढा." दुसरी महिन्याभरात ठणकायला लागली आणि पुन्हा पूर्ण फी मोजावी लागली, हा भाग काका सांगत नसत. तो काकू सांगत.

भावावर अडलं की काकांचा हुकमी डाव ठरलेला. "राहू दे मग!" म्हणून उठायचं, मागे वळून न बघता कोपऱ्यापर्यंत चालायचं आणि तिथे थांबायचं. कोपऱ्यापर्यंत हाक येतेच. "अहो साहेब, या हो परत!" ती हाक काकांना गाण्यापेक्षा गोड वाटे.

तर अशा माणसावर घर विकायची वेळ आली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंचे गुडघे जिन्याच्या पहिल्याच पायरीला नको म्हणायला लागलेले. बहिणीच्या घराजवळ एक तळमजल्यावरची जागा काकूंनी मनात धरली होती. ती मिळेपर्यंत त्यांचं जग म्हणजे खिडकी. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची आणि बहीण फोनवरून.

एजंट आला. पंचविशीतला, गोलमटोल, कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. तो जिना चढायला लागला की घुंगरं बांधलेला बैल आल्यासारखं वाटे. घर बघून तो खूष झाला. म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक तयार आहे. नवरा-बायको दोघं गाणं शिकवतात. वर कुणी नको, ही त्यांची एकच अट. तुमच्या वर फक्त टाकी आहे. माझे दोन टक्के."

काकांनी चष्मा काढला. "एक."

"काका, सगळीकडे दोनच चालतं."

"सगळीकडे मी राहत नाही. एक."

"कागदपत्रं मी बघतो, बँकेत खेटे मी घालतो, ते जोडपं रुसलं तर समजूत मी काढतो. एकात कसं परवडेल?"

"राहू दे मग!" काका ताडकन उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

चार मजले उतरून, कोपऱ्यावर पोचून, कान टवकारून उभे राहिल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच घरातून उठून आलोय. एजंट वर त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या पंख्याखाली बसून त्यांचाच चहा पीत होता. पण डाव टाकला तो टाकला. आता हाक येण्याआधी परत जायचं म्हणजे नाक कापून घेणं. काका उभे राहिले. तासाभराने चाव्या खुळखुळवत एजंट खाली आला, "येतो काका, उद्या भेटू," म्हणाला आणि स्कूटरवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. दोन, एक, राहू दे मग, चपला, कोपरा. शर्ट मात्र काकांनी इस्त्रीचा घातला, कारण हाक आल्यावर रुबाबात परतता आलं पाहिजे. तिसऱ्या दिवशीही तेच. एजंट चिवट, काका त्याहून चिवट. कोपऱ्यावर नेमकं ते पार्लर. बाईला वाटलं, म्हातारा आत यायला लाजतोय. तिने दार उघडून विचारलं, "काका, केस रंगवायचेत का?"

"कितीला?" तोंडातून निघून गेलं. तिने आकडा सांगितला. काकांनी चष्मा काढला. "डोक्यावर केस निम्मेच आहेत. पैसेही निम्मे."

बाई इतकी हसली, की निम्म्यात तयार झाली. काका कोळशासारखं डोकं घेऊन घरी आले. काकूंनी ते डोकं बघितलं आणि विचारलं, "घर विकायला काढलंय की तुम्हाला?"

अशी संध्याकाळमागून संध्याकाळ जात राहिली, आणि एके दिवशी एजंट घाम पुसत काकूंना म्हणाला, "काकू, आता माझ्या हातात काही नाही. ते जोडपं उद्या सकाळी दुसरं घर बघतंय. आवडलं की टोकन देणार."

काकूंनी पदर खोचला. कठडा धरला आणि उतरायला सुरुवात केली.

काकांनी कोपऱ्यावरून पाहिलं तर बिल्डिंगच्या दारात काकू! किती दिवसांनी बाई जमिनीवर दिसत होती. काका धावत आले. "अगं, तू कशाला उतरलीस?"

"तुम्हाला हाक मारायला. चला वर."

"तो काय म्हणाला? एकावर आला?"

"त्याचं सोडा. मी म्हणतेय, चला वर."

काका वरमले. काकूंचा हात आपल्या खांद्यावर घेऊन चढायला लागले. पहिला मजला येईपर्यंत काकूंचे गुडघे जुन्या दारासारखे वाजायला लागले. त्या पायरीवर बसल्या. काका वाकून हळूच म्हणाले, "बरं, सव्वा."

काकूंनी नुसतं कपाळ पुसलं.

दुसऱ्या मजल्यावर त्या भिंतीला टेकल्या. डोळे मिटलेले. "दीड," काका घाईने म्हणाले. खाडकन दार उघडून वहिनींनी विचारलं, "काय हो दीड?"

"तुमचं काही नाही. आत जा."

तिसऱ्या मजल्यावर काकूंना धाप लागली. "पावणेदोन! अगं, पावणेदोन म्हणतोय मी, ऐकतेस ना?"

काकू पुन्हा चढायला लागल्या. चौथ्याच्या शेवटच्या पायरीवर पाय उचलेना, तेव्हा काका जवळजवळ ओरडलेच, "दोन! दोन टक्के! पुरे कर बाई आता!"

दारात एजंट उभा होता. चारही मजले ते गुडघे त्याने ऐकले होते. त्याचा चेहरा पडला होता. "काका, पाप लागेल मला. दीड द्या."

काका भडकले. "दीड? दुसऱ्या मजल्यावर दीडच म्हणत होतो मी! तेव्हा कुठे होतास? आता दोन."

"नको काका, दीडच."

"खरेदी खात्यातला माणूस आहे मी. तोंडातून गेलेला आकडा मागे घेत नाही. दोन!"

"मी पण नाही घेत. दीड!"

"राहू दे मग!" काकांचा पाय सवयीने चपलेत गेला.

"अहो!" खुर्चीत कोसळलेल्या काकूंनी दम भरला. "आता खाली गेलात ना, तर तिथेच राहा. मी यायची नाही."

काका एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

"पावणेदोन," काकू म्हणाल्या. "आणि बहिणीजवळची ती तळमजल्याची जागा हाच मुलगा बघून देईल, त्याची वेगळी दलाली नाही. आहे कबूल?"

दोघांनीही माना डोलावल्या. एजंटाने तिथूनच फोन लावला. जोडपं त्याच संध्याकाळी आलं, डोक्यावर फक्त टाकी आहे याची खात्री करून घेतली आणि टोकन देऊन गेलं. पुढे यथावकाश काकू तळमजल्यावर राहायला गेल्या आणि पहिल्या दिवशी काही कारण नसताना पाच वेळा अंगणात जाऊन आल्या.

बिल्डिंगमध्ये मात्र अजून बोललं जातं, की पार्लरवालीच्या भानगडीपायी काकूंनी घर विकायला लावलं.

पार्लरवालीशी काकांचा संबंध केस रंगवण्यापुरता होता, तोही एकदाच. रोज संध्याकाळी ते एजंटाच्या हाकेची वाट बघत उभे असायचे. आणि हाक मारलीस तर चहा मिळणार नाही, एकदा तरी यांना हाकेशिवाय परतू दे, असं एजंटाला पहिल्याच दिवशी काकूंनी सांगून ठेवलं होतं.