भर नाल्यात थांबलेला ट्रॅक्टर

सुलतानपूरजवळच्या नाल्यापलीकडे मनकर्णाबाईंचं गाव. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीनं, प्रेरणानं, पूर ओसरायची वाट पाहत काठावरच प्राण सोडला. आमदार सांत्वनाला आले, फोटो काढून घेतले, पुलाचा शब्द दिला आणि विसरले. मनकर्णाबाई विसरल्या नाहीत.

यंदा आमदारांचं नेत्रतपासणी शिबिर गावात ठरलं. नाल्याला पाणी होतं, गाडी जाईना. तेव्हा मनकर्णाबाई आपणहून ट्रॅक्टर घेऊन आल्या. आमदार कार्यकर्त्यांसह ट्रॉलीत चढले. भर पाण्यात बाईंनी इंजिन बंद केलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"साहेब, येत्या अधिवेशनात काय काय मांडून राह्यले, ते इथंच सांगा."

"सिंचन, रस्ते..." आमदार अडखळले. "आणि पूल! पहिला पूलच मांडतो, मावशी."

"मांडा ना. पण माही पोरगी या पाण्यापायी तडफडून मेली. आता उतरा अन् चालत जा."

पांढऱ्या कपड्यांनिशी आमदार मांडीभर गढूळ पाण्यात उतरले. काठावर सारं गाव उभं होतं. कुणी हात पुढे केला नाही. पूल होवो न होवो, आमदारांना धडपडताना बघून मनकर्णाबाईंचा जीव पहिल्यांदा थंड झाला.