सकाळी उरकलेली पूजा

आईला खंडेनवमीच्या दिवशी नातेपुत्याला पोचवायचं होतं आणि त्यासाठी आधी गाडीचा पुढचा ॲक्सल बदलायचा होता.

नातेपुत्याचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, भाद्रपदापासून अंथरुणाला खिळले होते. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मामेभावाच्या बायकोचं कार्ड आलं. ‘मामंजी रोज आत्याबाईंची वाट बघतात. बोलणं हळू झालंय, पण अजून सगळ्यांना ओळखतात. दसऱ्याच्या आत आणता आलं तर बघा.’ कार्ड आईनं दोनदा वाचलं. तिनं ते उशीखाली ठेवलं. ती स्वतः श्रावणात न्हाणीघरात पडली होती आणि तिचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. एस.टी.च्या बाकावर तिला बसवणं शक्य नव्हतं. नवरात्रात सोलापुरातली भाड्याची प्रत्येक गाडी तुळजापूरच्या रस्त्यावर असते. मी स्टेशनवरच्या स्टँडवर दोनदा जाऊन आले. एक ड्रायव्हर म्हणाला, “बाई, देवीला यायचं असंल तर आत्ता बसा. नातेपुतं पुनवंनंतर बघू.”

उरली आमची गाडी. वडील गिरणीत होते. तिथला एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती वडिलांना देऊन गेला होता. वडिलांनी मला ती चालवायला शिकवलं आणि ते गेल्यावर मी ती शाळेत न्यायला लागले. सोलापुरात गाडी चालवणाऱ्या बाया तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात मी बेचाळिशीची, बिनलग्नाची आणि गणिताची मास्तरीण, त्यामुळे पोरं गाडी ओळखून रस्ता बदलत. आदल्या उन्हाळ्यात एका मोरीच्या कठड्यावर पुढचं चाक आदळलं आणि ॲक्सल वाकला. लोहारानं तो तापवून सरळ करून दिला. आता त्याच जागी केसासारखी चीर दिसत होती.

एस.टी.च्या वर्कशॉपमधले एक मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून गाडीचं काम बघत. ते खाली सरकून बघून आले आणि हात पुसत म्हणाले, “ताई, तुमी एकट्या शाळंला जाताय ते ठीक हाय. पन ह्याच्यावर आईस्नी घालून लांब न्यायचं न्हाय. मधीच मोडला तर चाक एकीकडं नि गाडी एकीकडं.”

मी याद्या करणारी बाई आहे. पाठकोऱ्या कागदावर कामं लिहायची, पुढे वेळ लिहायची, झालं की खूण करायची. त्या आठवड्याची यादी दीड पान झाली. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत एका निवृत्त केमिस्टची अशीच गाडी बाभळीखाली पडून होती. तिचा ॲक्सल मी मागून घेतला आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणला. कंडक्टर म्हणाला, “बाई, हाफ तिकीट की फुल?” मिस्त्रींनी दोन दिवसांची रजा टाकली. पुढची डावी सीट काढून तिथे गादी बसवायची, म्हणजे आईला पाय लांब करता येईल, हेही ठरलं. अष्टमीला जुना ॲक्सल काढायचा, नवमीला दुपारी तीनपर्यंत नवा बसवायचा, चारला निघायचं.

अष्टमीचं काम यादीप्रमाणे झालं. गाडीचं नाक विटांच्या दोन चवडींवर ठेवलं. शेजारच्या काकांनी हात लावला आणि जुना ॲक्सल भिंतीशी आणून टेकवला. आईची कॉट मी खिडकीशी ओढली होती. तिथून ती सगळं बघत होती. संध्याकाळी म्हणाली, “चाकं नसली की गाडी म्हशीसारखी दिसते.” बऱ्याच दिवसांनी ती हसली.

नवमीला मी साडेपाचला उठले. यादीत ‘हत्यारांची पूजा’ असं होतं आणि पुढे वेळ लिहायची राहिली होती. वडील ती संध्याकाळी करत, पण संध्याकाळी आम्ही रस्त्यात असणार. ऐन निघायच्या घाईत पूजा नको, म्हणून मी ती सकाळीच उरकायचं ठरवलं. वडिलांच्या लाकडी पेटीतले सगळे पाने रॉकेलनं पुसले, देवासमोर पाटावर ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, जॅकला झेंडूची माळ घातली. बाहेर नव्या ॲक्सललाही कुंकू लावलं. आईनं कॉटवरूनच हात जोडले. मी यादीवर खूण केली. सात वाजले होते. एक तास वाचला म्हणून मला बरं वाटलं.

साडेआठला मिस्त्री आले. चहा घेतला आणि पेटी मागितली. मी म्हटलं, “पेटी रिकामी आहे, पाने देवासमोर आहेत. पूजा झाली, घ्या आता.”

ते दारातूनच वाकून बघत राहिले.

“कवा क्येली पूजा?”

“सकाळी. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून.”

“ताई,” ते खाली बसले, “काम करून, हत्यारं धुऊन, मग पुजायची असत्यात. तुमचं वडील सांजंला का करायचं मग? एकदा पुजली की उद्यापतुर हात लावायचा न्हाय. तुमी शाळंत सरस्वतीफुडं पुस्तकं मांडल्यावर वाचता व्हय?”

वाचत नव्हते. पण वह्यापुस्तकं एक दिवस मिटून ठेवली तर कुणाचं काही अडत नाही. मिस्त्रींना हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, “माजं सोडा. मी उचलीन बी. आईस्नी इचारा.”

विचारायच्या आधीच खिडकीतून उत्तर आलं. “उचलायची नाहीत.”

मी आत गेले. म्हटलं, “आई, हे तुझ्याचसाठी चाललंय. मामा वाट बघतायत.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“त्यांची हत्यारं आहेत,” ती वडिलांबद्दल म्हणाली. “आणि त्याच गाडीतून जायचंय ना आपल्याला? अशी रीत मोडून जोडलेली गाडी घेऊन भावाच्या दारात जायचं नाही मला.”

मी गप्प बसले नाही. बाहेर जाऊन दुसरे पाने मिळवायला निघाले. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्यानं अजून पूजा मांडली नव्हती. त्यानं कटकट न करता अख्खा संच दिला. पण आमच्या गाडीचे नट जुन्या विलायती मापाचे. एक पाना सैल, त्याखालचा शिरतच नाही. मिस्त्रींनी कमी-जास्त होणारा पाना लावून बघितला. दुसऱ्या हिसक्याला नटाचे कोपरे झिजले. त्यांनी पाना खाली ठेवला. “आजून जोर लावला तर नट जाईल आनि असला नट सोलापुरात गावायचा न्हाय. उद्या सकाळी सातला येतो.” दसरा असून येतो म्हणाले, याहून जास्त काय मागणार?

ते गेल्यावर मी देवासमोर जाऊन उभी राहिले. बारा पाने, एक जॅक, एक हातोडी. हात पुढे केला असता तर कुणी अडवलं नसतं. आई पाय मोडून पडलेली, मिस्त्री घरी गेलेले. पण मला पाने उचलता आले असते, तरी ॲक्सल बसवता येत नव्हता. मी अंगणात गेले, परत आले, यादी काढली, त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुपारी तीनला आईला वरणभात वाढला. चारला तिनं घड्याळाकडे बघितलं, मीही बघितलं. ती म्हणाली, “जरा पड तू.” त्या दिवशी मला दुसरं काही करता आलं नाही. मी पडले.

दसऱ्याला सगळं सरळ झालं. मिस्त्रींनी आईसमोर नारळ फोडला, पाने उचलले आणि साडेबाराला गाडी चाकांवर उभी राहिली. एकला आम्ही निघालो. गाडी एका रेषेत चालत होती. अकलूजच्या पुढे आई म्हणाली, “आता ओढत नाही डावीकडे.” मामांचं दार आलं तेव्हा लोक आपट्याची पानं घेऊन घराघरांत फिरत होते.

कार्ड लिहिणाऱ्या वहिनी बाहेर आल्या आणि आईचा हात धरून रडायला लागल्या. “काल दिवसभर बोलत होते हो आत्याबाई. चार वेळा विचारलं, आली का म्हणून. आज पहाटेपासून बोलणंच बंद झालंय.”

दोघांनी आईला खुर्चीत बसवून आत नेलं. मामांचे डोळे उघडे होते. आईनं “दादा” म्हणून हाक मारली, त्यांच्या तळहातावर सोनं ठेवलं आणि बोटं मिटवली. बोटं परत उलगडली. तिनं पुन्हा मिटवली आणि या वेळी वरून आपला हात ठेवला.

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काल का न्हाय निगाला?”

मी तोंड उघडलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “काल नवमी होती. हत्यारं पूजेत होती.”

“मग बराबर हाय,” म्हातारा म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मामा चौथ्या दिवशी गेले. मधल्या दिवसांत ते बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सकाळी मी आईला विचारलं, पूजा कधी मांडू? ती काठी टेकत अंगणात फुलं काढत होती. म्हणाली, “तुझ्या सोयीनं मांड.” दिवे लागेपर्यंत मी पेटीला हात लावला नाही.