मिर्कोंचा क्लब

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतेय – का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

साउथहॅम्प्टनला आमच्या शेजारी मिर्को राहायचे. मूळचे युगोस्लाव्हियाचे. एकटे, ऐंशी ओलांडलेले, आणि हात – काय हात होते! त्या पंजात माझी चकली बटणाएवढी दिसायची. माझी इरा शाळेतून आली की बॅग टाकून थेट त्यांच्या गार्डनमध्ये. गोलकीपिंग तिला त्यांनीच शिकवलं.

महायुद्ध संपल्यावर तिथल्या सैन्यानं एका छोट्या गावात फुटबॉल क्लब काढला होता, त्याचे हे गोलकीपर. आर्मीचेच जड बूट घालून खेळायचे म्हणे. जिंकायला लागले, गाव वेडं झालं – आणि दोनेक वर्षांत वरून हुकूम आला. चांगले खेळाडू राजधानीतल्या मोठ्या टीमकडे, बाकीचे परत बराकीत. क्लब संपला. सांगताना मिर्को हसायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे.

मग मला काय खुपत होतं? हॉस्पिटलमधून दमून यावं, तर मुलगी कुंपणापलीकडे. माझं लहानपण तिनं कधी विचारलं नाही. मिर्कोंच्या क्लबवर मात्र ती शाळेत बोलणार होती!

मी म्हणाले, "इरा, मी ऑनलाइन शोधलं. असा क्लब कधी नव्हताच. म्हातारी माणसं रचून सांगतात."

शोधलं? मी फोनसुद्धा हातात घेतला नव्हता.

ती तशीच कुंपणापाशी गेली. मी मागोमाग. "मिर्को, आई म्हणते तुमचा क्लब नव्हताच. खरं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं – मला खात्री आहे. निदान तेव्हा तरी बोलायचं ना मी? नाही बोलले.

"आई म्हणते, तर तसंच असेल," ते म्हणाले. "वय झालं गं माझं. डोक्यात गोंधळ होतो."

मुलीसमोर त्यांनी मला सांभाळून घेतलं. क्लबचा विषय पुन्हा काढला नाही. इराला बॉल मात्र टाकत राहिले – अगदी गुडघे थकेपर्यंत.

ते गेले तेव्हा त्यांची भाची तिकडून आली होती. अंत्यविधीनंतर सगळे जमलो होतो, तिथे चहा पिताना मला म्हणाली, मामानं अडवलेले गोल गावातले म्हातारे अजून सांगतात. इरा पलीकडेच सँडविचेस देत होती. मी तिला हाक मारली नाही.

इरा आता ब्रिस्टलला इंजिनिअर आहे. रविवारी गोलमध्ये उभी राहते. परवा जेवताना तिच्या मैत्रिणींना सांगत होती, "मला शिकवलं आमच्या शेजारच्या एका गोड थापाड्यानं." किती मायेनं म्हणाली! सगळ्या हसल्या.

मीही हसले.