कोरियन ऑफिसातले दोघे

काल्हेरच्या शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसायची. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र, मांडीवर डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आठवडाभर ती एक कोरियन मालिका बघत होती, एकाच ऑफिसातल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची. मी चोरून बघतेय हे कळल्यावर तिने एक इअरफोन ओढणीला पुसून मला दिला.

शेवटचा भाग संपला तशी ती वैतागली. "फुकट गेली मालिका."

"दोघं पुरुष म्हणून?"

"त्याचं काय न्हाय. पन नुसते एकमेकांकडं बघत बसतात. आमच्या गोदामात दोघं हायत. एकाची पाठ धरली, तर दुसरा त्याच्या वाटची जड खोकी गुपचूप उचलतो. असलं कुठं दाखवलंच न्हाय."

मी हळूच विचारलं, "लोक बोलत नाहीत?"

"बोलतात की. साहेब एकाला रात्रपाळीला टाकायला निघालेले."

"मग?"

गोदामाचं गेट आलं. तिने इअरफोन परत घेतला, डबा पिशवीत ठेवला आणि उतरता उतरता म्हणाली, "शिफ्ट मी लावते. दोघं सकाळीच येतात."