टेकडीवरचा आपटा

सेलूच्या अलीकडं आमचं गाव, अन् गावातच टेकडीवर एक लहानसं सरकारी राखीव रान. मधून पायवाट. आणीबाणी उठली त्या सालापासून मी अन् शाळेतले गुरुजी तिथं रोज सकाळी फिरत असू. तिथला वाचमन महादेवभाऊ आमचा तिसरा गडी. झाडं कमी होत गेली अन् किस्से वाढत गेले. सांगायले बसलो की आधी हसू येते, मग काहीच नको वाटते.

*

पायवाटेचं उद्घाटन होतं. वनखात्याचे साहेब येणार म्हणून मांडव, मांडवाले बांबू. ऑफिसनं त्याच रानातले तोडून आणवले. साहेबानं झाडं वाचवा म्हणून भाषण ठोकलं अन् मग विचारलं, "इथलं बांबूचं बेट कुठं आहे हो?"

महादेवभाऊनं वर बोट केलं. "तुमच्या डोक्यावर, साहेब."

त्याले मेमो मिळाला.

*

गुरुजीच्या डोक्यात आलं, सागाले नंबर टाकले तर चोरी लगेच कळेल. रविवारभर बसून गेरूनं आकडे काढले. आठ दिवसांनी विजेची लाईन टाकणारे मजूर आले अन् नेमके नंबरवालेच साग आडवे केले.

"नंबर टाकला म्हणजे तोडाचाच असते ना, गुरुजी?" मुकादम बिचारा खरंच विचारून राह्यला होता. गुरुजी महिनाभर त्या बाजूनं फिरकले नाईत.

*

माह्याही किस्सा सांगतो, लपवून काय करू? पोळ्याले दाराशी पळसाची फांदी लागतेच. बायको म्हणाली, एक आणा. म्या एकच तोडली, देवाशप्पथ! दुपारी पाह्यलं तं सारे पळस भुंडे. सारं गाव एकेकच फांदी घेऊन गेलतं. मले माह्यीच लाज वाटली.

*

राहता राह्यला एक आपटा. महादेवभाऊनं लावलेला, उन्हाळ्यात घागरी वाहून जगवलेला. त्याले लेकरूबाळ नव्हतं. त्या झाडाशीच बोलत बसे. गेल्या दसऱ्याले लोकांनी सोनं म्हणून ओरबाडलं, अर्धं झाड वाळलं. पुन्हा ओरबाडलं तं मरणार, हे आम्हा तिघांले पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा त्यानं पानांवर चुन्याचं पाणी शिंपडलं. ठिपक्यांचं पान कोण देवापुढं ठेवते? वरून बाभळीचे काटे बांधले अन् सकाळपासून झाडाखाली बसला. दुपारी ऑफिसातून निरोप आला, शस्त्रपूजेले हजर राहा. ऑफिसातलं शस्त्र म्हणजे एक कुऱ्हाड! तासाभरानं परत आला तं नुसती काडी उभी.

संध्याकाळी अर्धं गाव त्याच्या दारात सोनं द्यायले. वयानं मोठा, मानाचा माणूस. लोक पाया पडत होते, पान देत होते. तो घेत होता, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता. मले तिथं उभं राहवत नव्हतं.

शेवटी गुरुजी पुढं झाले. बाजारातून विकत आणलेलं पान त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं. महादेवभाऊनं ते उलटंपालटं करून पाह्यलं, अंगठ्यानं एक पांढरा ठिपका पुसला, पान कपाळाले लावलं अन् गुरुजीले छातीशी धरलं.

"सोन्यासारखे राहा, गुरुजी," तो म्हणाला. "चुना माह्याच हातचा होय."